पाटीवरचं पहिलं नाव

गेल्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात माझ्याकडे नोकरीच्या दोन ऑफर आल्या. एक हिंजवडीतल्या मोठ्या आयटी कंपनीची. चौदा पानांची पीडीएफ, प्रत्येक पानाच्या तळाशी लोगो. दुसरी आमच्या सोलापुरातच, सात रस्त्याजवळ ऑफिस असलेल्या सतरा माणसांच्या कंपनीची. ती व्हॉट्सॲपवर पाच ओळींत आली होती आणि शेवटची ओळ होती, ‘ये रे, आपलंच आहे.’ ही कंपनी साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करते. उसाची नोंद, तोडणी-वाहतुकीचा हिशेब, वजनकाट्याची पावती. काम मला मनापासून आवडलं होतं. पगार मात्र हिंजवडीचा दीडपट होता. दोन्हीकडे उत्तर द्यायला दहा दिवस होते.

सल्ल्यांचा तुटवडा नव्हता. ‘काय ठरवलास बे?’ असं विचारणाऱ्या प्रत्येक मित्राकडे उत्तर तयार होतं. छोट्या कंपनीत शिकायला मिळतं, मोठ्या कंपनीचं नाव लागतं. छोट्या कंपनीत सगळंच करावं लागतं, मोठ्या कंपनीत वर्षभर काही केलं नाही तरी कुणाला कळत नाही. आईचं म्हणणं, लग्नाच्या बायोडेटात कंपनीचं नाव वाचून समोरच्याला कळलं पाहिजे. वडिलांनी दोन्ही कंपन्यांबद्दल एकच प्रश्न विचारला, “पीएफ आहे का?”

त्या दहा दिवसांत मी दोन चरित्रं वाचली आणि एक सिनेमा पुन्हा पाहिला. हा लेख त्यांच्याबद्दल आहे. पुस्तकाकडे इतक्या मतलबी नजरेने पाहू नये, हे मला मान्य आहे. पण नोकरी निवडताना आपण नकळत कुठल्या तरी गोष्टीच्या आधारेच निवडतो. ‘छोटं सुरू केलं आणि मोठं झालं’ ही त्यातली सर्वांत लाडकी गोष्ट. ती मुळात कुणाची असते आणि कुणाची नसते, हे तपासायला हरकत नसावी.

वालचंद आणि फाटक

सोलापुरात इंजिनिअरिंग केलेल्या मुलाला ‘कुठे होतास?’ असं विचारलं तर ‘वालचंदला’ हे उत्तर बऱ्याचदा येतं. मीही तेच देतो. चार वर्षं हे नाव टी-शर्टवर, फाइलवर, मार्कशीटवर वागवलं. ते कुणाचं, हे वाचायला मात्र नोकरीची सहा वर्षं जावी लागली.

गं. दे. खानोलकरांनी वालचंद हिराचंद यांचं मराठीत चरित्र लिहिलं आहे. जुन्या पद्धतीचं, भरगच्च. माणूस सांगताना त्याचा काळही सांगायचा, अशी त्याची धाटणी. वालचंदांचा जन्म 1882 चा, सोलापूरचा. घर सावकारीचं आणि कापसाच्या व्यापाराचं. शिक्षण मुंबई-पुण्यात, पण पदवीपर्यंत गेलं नाही. घरच्या पेढीत मन रमेना. तेव्हा त्यांना लक्ष्मण बळवंत फाटक भेटले. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते, नंतर कंत्राटं घेऊ लागले होते. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या वाढीव मार्गाचं काम घेतलं. 1897 मध्ये सुरू झालेली ही अडीच फुटी रेल्वे आपल्याच भागातली, कुर्डुवाडीहून बार्शीकडे जाणारी.

त्यानंतरची गोष्ट झपाट्याने मोठी होते. बोरघाटातली रेल्वेची कामं. 1919 मध्ये सिंधिया ही जहाज कंपनी. 1940 मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना. 1944 मध्ये मोटारींसाठी प्रीमियर. शिवाय ऊस, साखर आणि त्यांच्या नावाचं अख्खं गाव, वालचंदनगर. वाचताना छाती दडपते आणि चरित्राला तेच हवं आहे. परक्या राजवटीत एका भारतीयाने जहाज, विमान आणि मोटार या तिन्हींना हात घातला, हे सांगणं ही त्या लेखनामागची तळमळ आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पिढीला ‘आपण मोठं करू शकतो’ याचा पुरावा हवा होता. खानोलकरांनी तो दिला. त्या मापाने पाहिलं तर हे चरित्र यशस्वी आहे.

पण मी त्याच्याकडे दुसरं माप घेऊन गेलो होतो. मला वालचंद व्हायचं नव्हतं. सोलापुरातल्या एका वालचंदाने मला बोलावलं होतं आणि जावं की नाही, हे मला ठरवायचं होतं. म्हणजे या गोष्टीत माझी जागा फाटकांची होती.

एकदा तसं वाचायला लागलो आणि एक साधी गोष्ट दिसली. त्या पहिल्या भागीदारीचं नाव ‘फाटक-वालचंद’ असं होतं. पाटीवर पहिलं नाव कारकुनाचं होतं. पुढच्या एकाही मोठ्या कंपनीच्या नावात ते नाही. चरित्र वालचंदांचं असल्यामुळे फाटक त्यात वाटेत भेटतात आणि वाटेतच मागे राहतात. यात लेखकाचा दोष नाही. चरित्र हा प्रकारच असा आहे, तो एका माणसामागे चालतो. सोलापूरच्याच अच्युत गोडबोलेंचं ‘मुसाफिर’ आमच्या पिढीतल्या किती तरी मुलांनी वाचलंय. सोलापूर ते आयआयटी आणि तिथून सॉफ्टवेअर कंपन्यांचं नेतृत्व असा तो प्रवास. आत्मचरित्रात तर एकच ‘मी’ असतो, त्यामुळे बाकी सगळे सहप्रवासीच होतात. अडचण पुस्तकांची नाही, आपली आहे. अशी पुस्तकं वाचून आपण नोकरीचा निर्णय घेतो तेव्हा आपण स्वतःला नायकाच्या जागी बसवतो. प्रत्यक्षात सतरा माणसांच्या कंपनीत नायकाची एक खुर्ची असते आणि तिच्यावर कुणीतरी आधीच बसलेलं असतं.

फाटकांच्या बाजूने पाहिलं की धोक्याचा हिशेबही बदलतो. दोघांनी धोका घेतला हे खरं, पण सारखा नाही. वालचंदांच्या मागे घरची पेढी होती. कंत्राट बुडालं असतं तर घरच्यांची बोलणी खावी लागली असती, पण डोक्यावरचं छप्पर शाबूत राहिलं असतं. कारकुनी सोडलेल्या माणसाला परत जायला काय असतं? ‘तरुणांनी धोका पत्करला पाहिजे’ असं व्यासपीठावरून सांगणारा माणूस ‘पडलात तर कुठे पडाल?’ हे कधी विचारत नाही. सात रस्त्याजवळच्या कंपनीच्या मालकाचे वडील डॉक्टर आहेत, घर स्वतःचं आहे. माझ्या डोक्यावर घराचं कर्ज आहे आणि वडिलांचे गुडघे आता माग चालवण्याजोगे राहिलेले नाहीत. कंपनी बुडाली तर आम्ही दोघंही पडू, पण वेगवेगळ्या उंचीवरून.

हा मला मिळालेला पहिला प्रश्न.

आतल्या माणसाने लिहिलेली गोष्ट

दुसरं चरित्र लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. शं. वा. किर्लोस्करांनी लिहिलेलं ‘यांत्रिकाची यात्रा’. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. म्हणजे पक्की, मानाची नोकरी. बढतीच्या वेळी त्यांना डावलून अँग्लो-इंडियन माणसाला वर घेतलं गेलं. ते बेळगावला परतले, सायकलींच्या दुकानात शिरले, मग कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर करू लागले. लोखंडाच्या नांगराने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे सुरुवातीचे नांगर विकले जाईनात. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंध संस्थानाच्या अधिपतींनी जागा दिली आणि 1910 मध्ये एका माळरानावर किर्लोस्करवाडी सुरू झाली.

मोठी संस्था सोडून छोट्या दुकानात जाण्याची ही मराठीतली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट असावी. माझ्यासाठी तिचं महत्त्व वेगळं आहे. लिहिणारे शं. वा. हे लक्ष्मणरावांचे पुतणे. त्यांनी वाडीतच काम केलं, तिथूनच ‘किर्लोस्कर’ मासिक चालवलं. म्हणजे ही गोष्ट आतल्या माणसाने सांगितलेली आहे. किर्लोस्करवाडीच्या कथेत दुसरी-तिसरी माणसं नावानिशी भेटतात, त्याचं कारण कदाचित हेच असेल. यंत्रात डोकं असलेले शंभूराव जांभेकर. वाडीची आखणी आणि व्यवस्था सांभाळणारे रामूअण्णा. हिशेब बघणारे मंगेशराव रेगे. शाळा अर्धवट सोडूनही इंजिनिअर झालेले अनंतराव फळणीकर. आणि दरोड्याची शिक्षा भोगून आलेले, पुढे वाडीचे विश्वासू पहारेकरी झालेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग.

ही नावं वाचताना पहिल्यांदा वाटलं, की छोट्या कंपनीचा खरा फायदा हा आहे. ‘शिकायला मिळतं’ वगैरे ठीक, पण तिथे माणूस नावाने ओळखला जातो. मोठ्या कंपनीत मी एम्प्लॉयी आयडी असेन. सतरा जणांत माझ्या कोडमधली चूक माझ्या नावाने ओळखली जाईल आणि माझी अक्कलही माझ्याच नावाने. याची किंमत पगाराच्या स्लिपवर दिसत नाही, पण ती असते. सहा वर्षांत मी लिहिलेल्या बहुतेक गोष्टी कुणी वापरतं का, हेही मला ठाऊक नाही. बार्शीच्या एखाद्या काट्यावर बैलगाडीवाला माझ्या प्रोग्रॅममधून निघालेली पावती खिशात घालेल, या कल्पनेने मी दोन रात्री नीट झोपलो नव्हतो.

तरीही एक खटकलं. या माणसांची गोष्ट आपण सांगतो तेव्हा आपल्याला कौतुक कशाचं वाटतं? लक्ष्मणरावांच्या पारखीचं. जांभेकर हुशार होते हे खरंच, पण गोष्टीचं तात्पर्य ‘त्यांना ओळखणारा माणूस किती मोठा’ असंच निघतं. दरोडेखोरांवर विश्वास टाकणारा थोर ठरतो. विश्वास पाळणाऱ्यांनी रात्री जागून काढल्या, तो भाग तात्पर्यात येत नाही. पारख हा मालकाचा गुण आहे. मालक गुणी असला तर छोट्या जागेसारखी जागा नाही. पण तो बदलला, थकला, किंवा त्याच्या जागी त्याचा मुलगा आला, तर त्या विश्वासाचं काय होतं? तो कुठे लिहून ठेवलेला नसतो. ‘ये रे, आपलंच आहे’ ही ओळ मी पुन्हा वाचली. ‘आपलंच’ म्हणजे नक्की किती?

पाच भागीदार

हा प्रश्न मराठी चरित्रांत सापडला नाही, तो एका हिंदी सिनेमात सापडला. ‘रॉकेट सिंग : सेल्समन ऑफ द इयर’, 2009 चा. लेखक जयदीप साहनी, दिग्दर्शक शिमित अमीन. चित्रपटगृहात फारसा चालला नाही, नंतर मोबाइलवर आमच्या पिढीने तो डोक्यावर घेतला.

बी.कॉम.ला जेमतेम पास झालेला हरप्रीत कॉम्प्युटर विकणाऱ्या मोठ्या कंपनीत लागतो. लाच मागणाऱ्या ग्राहकाची तक्रार करतो आणि ऑफिसात वाळीत टाकला जातो. मग त्याच ऑफिसात बसून, त्याच कंपनीचे फोन वापरून तो स्वतःची छोटी कंपनी चालवायला लागतो. या सिनेमाचं कौतुक साधारणपणे ‘प्रामाणिकपणाचा विजय’ म्हणून होतं. मला ते वरवरचं वाटतं. मालकाच्या फोनवरून स्वतःचा धंदा करणं यात प्रामाणिक काय आहे, हा प्रश्न खुद्द सिनेमालाच पडलेला आहे. म्हणून तर हरप्रीत वापरलेल्या प्रत्येक गोष्टीचा हिशेब वहीत लिहून ठेवतो, पुढेमागे परत करायचा म्हणून.

सिनेमाची खरी धिटाई दुसरीकडे आहे. रॉकेट सेल्समध्ये नोकर नाहीत. कॉम्प्युटर जोडणारा गिरी, रिसेप्शनवरची कोयना, सेल्समधला नितीन आणि चहा देणारा छोटेलाल मिश्रा हे सगळे भागीदार आहेत. हरप्रीत त्यांना ‘माझ्याबरोबर या, शिकायला मिळेल’ असं म्हणत नाही, हिस्सा देतो. धोका वाटून घ्यायचा असेल तर मालकीही वाटावी लागते, एवढं साधं गणित तो बी.कॉम.च्या टक्क्यांशिवाय करतो. शेवटी मोठ्या कंपनीचा मालक पुरी ही छोटी कंपनी एक रुपयात ताब्यात घेतो. नाव आणि ग्राहक मिळतात, पण ग्राहकांना दिलेली वचनं पाळायला तो कमी पडतो आणि कंपनी परत करतो. ती सेवा चालत होती, कारण रात्री दोन वाजता फोन उचलणारा माणूस स्वतःच्या धंद्याचा फोन उचलत होता.

सिनेमाची कमजोरीही इथेच आहे. भागीदारी हा त्याला स्वभावाचा प्रश्न वाटतो, की चांगला मुलगा हिस्सा देतो आणि वाईट माणूस देत नाही. कागदाचा, कायद्याचा, दोन भागीदारांत फाटलं तर काय, याचा विषय निघत नाही. खऱ्या आयुष्यात आमच्या क्षेत्रात या गोष्टीला ईसॉप म्हणतात. म्हणजे पुढे ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याचा हक्क. आपल्याकडच्या नियमांनुसार तो मिळाल्यापासून निदान एक वर्ष तरी वापरता येत नाही. बहुतेक ठिकाणी तो चार वर्षांत थोडा थोडा हाती येतो. कंपनी विकली गेली नाही किंवा बाजारात उतरली नाही, तर तो कागदच राहतो. सतरा माणसांच्या कंपनीत तर नफ्यातला वाटा लिहून घेणं जास्त शहाणपणाचं. काही असो, दुसरा प्रश्न मिळाला. हे वाढलं तर कुणाचं वाढेल?

मोठ्याची खात्री

इथवर वाचून ‘मग हिंजवडीच बरी’ असं कुणाला वाटलं असेल, तर त्याने एकदा सोलापूरची जुनी मिल आठवावी. रिक्षावाल्याला आजही ‘जुनी मिल’ म्हटलं की पुरतं. मोरारजी गोकुळदासांनी 1874 मध्ये ही कंपनी काढली. पुढे वालचंदांनी सिंधिया काढली तेव्हा त्यांच्या सोबतीला असलेले नरोत्तम मोरारजी हे याच मोरारजींचे चिरंजीव. शहराची घड्याळं भोंग्यावर चालत. मिलमध्ये लागणं म्हणजे आयुष्य मार्गी लागणं.

ही कंपनी 1949 च्या ऑगस्टमध्ये बंद पडली. गैरकारभार हे कारण. कंपनी एवढी मोठी होती, की तिच्या एकटीसाठी आधी वटहुकूम निघाला आणि मग 1950 मध्ये संसदेने कायदा केला. कापडाचं उत्पादन घटलं आणि बेकारी पसरली म्हणून सरकारने कारभार हातात घेतला. त्याविरुद्ध एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला. राज्यघटना लागू होऊन वर्षही झालं नव्हतं. चरणजीतलाल चौधरी विरुद्ध भारत सरकार हा तो खटला. निकाल डिसेंबर 1950 मध्ये तीन विरुद्ध दोन असा सरकारच्या बाजूने लागला. 1953 च्या डिसेंबरात द्वारकादास श्रीनिवास या दुसऱ्या भागधारकाच्या खटल्यात न्यायालयाने तोच कायदा रद्द ठरवला. भरपाई न देता मालमत्ता काढून घेतली, हे कारण. अशा निकालांमुळे सरकारला 1955 मध्ये चौथी घटनादुरुस्ती करावी लागली. कायद्याचे विद्यार्थी आजही हे खटले अभ्यासतात आणि त्यातल्या किती तरी जणांना सोलापूर नकाशावर दाखवता येणार नाही.

मी वकील नाही. पण हे निकाल वाचताना एक गोष्ट कुणालाही कळेल. भोंगा थांबल्यावर चुली विझल्या त्या कामगारांच्या. न्यायालयात वाद घालायला गेले ते भागधारक. कायदा बेकारीचं नाव घेऊन झाला, खटला मालमत्तेच्या हक्कावर लढला गेला. एक शेअर ज्याच्या नावावर आहे, त्याला थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयात बोलता येत होतं. ज्याने तिथे उभा जन्म काढला, त्याचं नाव हजेरीपटावर होतं, शेअरवर नव्हतं. म्हणजे मोठ्या कंपनीत धोका नसतो असं नाही. तो आपल्याला दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा आपल्याला विचारत कुणी नाही.

तिसरा प्रश्न हा. काही बिघडलं तर बोलायचा हक्क कुणाला?

आमच्या घरचे माग

माझे आजोबा सोलापुरातल्या एका गिरणीत होते. ती बंद पडल्यावर वडील मोठ्याच्या नादी लागले नाहीत. अक्कलकोट रोडला यंत्रमागाच्या एका कारखान्यात लागले, चादरी आणि टॉवेल. मालक ओळखीतले. आमच्या घरच्या लग्नाला मालक सहकुटुंब जेवायला आले होते, आजारपणात उचल मिळायची, दिवाळीला मिठाईचा पुडा घरपोच यायचा. ‘तुम्ही काय नोकर आहात का, घरचेच आहात,’ हे वाक्य मी लहानपणी त्या शेडच्या दारात ऐकलंय.

भविष्यनिर्वाह निधीचा कायदा साधारणपणे वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला लागू होतो. त्या एका शेडमधले माग कागदावर तीन नावांवर होते. एकेका नावाखाली वीसपेक्षा कमी माणसं. तीस वर्षं धोटा इकडून तिकडे पळाला आणि वडिलांच्या नावावर एक रुपयाही साठला नाही. त्यात कुणी क्रूर नव्हतं. मालक खरंच चांगले होते, आणि मला हेच जास्त छळतं. माणूस वाईट असता तर वडील भांडले असते. घरच्या माणसाला पीएफ कसा विचारणार?

म्हणून ‘पीएफ आहे का?’ हा प्रश्न जुन्या वळणाच्या माणसाची भीती नाही. माझे तिन्ही प्रश्न त्यात आधीच होते. पडलो तर कुठे, वाढलं तर कुणाचं, बिघडलं तर बोलणार कोण. मला ते शोधायला दोन चरित्रं, एक सिनेमा आणि दोन खटले लागले. त्यांना तीन शब्द पुरले.

दहावा दिवस

नवव्या दिवशी मी सात रस्त्याजवळच्या ऑफिसात गेलो. मालक माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, एकेरीतला. चहा आला. मी दोन गोष्टी लेखी मागितल्या. एक, पीएफ. माणसं वीसच्या आत असली तरी मालक आणि बहुसंख्य कामगारांची संमती असेल तर कंपनीला तो स्वतःहून लागू करून घेता येतो. दोन, ठरलेल्या नफ्याच्या वर गेलं तर त्यात वाटा, किती ते आकड्यात.

तो आधी हसला. मग गंभीर झाला. पीएफचं त्याला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सीएला विचारून त्याने होकार कळवला, सतराही जणांसाठी. वाट्याबद्दल म्हणाला, “पुढच्या वर्षी बघू रे. आपण काय परके आहोत का?”

हिंजवडीच्या कंपनीलाही मी हे विचारणार होतो. तिथे विचारायला माणूस नव्हता, पोर्टल होतं. त्यावर ‘स्वीकार’ आणि ‘नकार’ अशी दोन बटणं होती. पहिल्या प्रश्नाचं उत्तर चौदा पानांत चोख होतं, पीएफपासून विम्यापर्यंत. बाकी दोन प्रश्नांसाठी रकानाच नव्हता. छोट्या कंपनीची एक बाजू मला तिथे उमगली. तिथे निदान समोर बसून विचारता येतं, आणि एका माणसाने विचारल्यामुळे सतरा जणांचं काहीतरी बदलू शकतं. चरित्रांनी छोट्याचं कौतुक करायचं तर यासाठी करायला हवं होतं, ‘छोट्याचं मोठं होतं’ यासाठी नव्हे.

हिशेब केला तर दोन्हीकडे तीनपैकी एकाच प्रश्नाचं उत्तर होतं. बरोबरीत सुटलं की कर्जाचा हप्ता बोलतो. मी ‘स्वीकार’ दाबलं. सात रस्त्याला मेसेज केला, “पुढच्या वर्षी बघू म्हणालास ना, मग मी पुढच्या वर्षी येतो. आकडा लिहून ठेव.” त्याने अंगठा पाठवला. तो होकार आहे की निरोप, हे मला अजून कळलेलं नाही.

सोमवारी पहाटे हुतात्मा एक्सप्रेससाठी वडील मला स्टेशनवर सोडायला आले. गाडी सुटायला वेळ होता. मी त्यांना चहाच्या टपरीवर सगळं सांगितलं. फाटकांचं, मिलच्या खटल्याचं, पीएफच्या होकाराचं. कोणती कंपनी बरोबर होती, हे त्यांनी विचारलं नाही. कप खाली ठेवला आणि म्हणाले, “तू इचारलास. आम्ही कधी इचारलोच नाही.”